सोपाऱ्याचा बाहिय : लोकांनी दिलेली ओळख उतरवणारा माणूस

पाचूबंदरच्या किनाऱ्यावर उभे राहिले की कोळी बांधवांच्या होड्या आणि मागे वसईचा किल्ला दिसतो. या भागाचा इतिहास बहुतेक वेळा पोर्तुगीज आणि चिमाजी अप्पा यांच्यापुरताच सांगितला जातो. पण बौद्ध म्हणून आम्हाला या किनारपट्टीवरचा त्याहून कितीतरी जुना माणूस आठवतो. त्याचे नाव बाहिय दारुचीरिय. पाचूबंदरहून जवळच असलेले नालासोपारा म्हणजे पालि ग्रंथांतले सुप्पारक बंदर. बाहिय तिथे राहत होता.

अट्ठकथेनुसार बाहिय हा दर्यावर्दी व्यापारी. सात वेळा तो सुखरूप परतला. आठव्या वेळी सुवर्णभूमीकडे जाताना गलबत फुटले. बाकी सारे बुडाले. एका फळीच्या आधाराने तो सुप्पारकच्या किनाऱ्याला लागला. अंगावर कपडा नव्हता, म्हणून त्याने लाकडाच्या साली गुंफून अंग झाकले आणि एक भांडे घेऊन तो गावात भिक्षेला गेला. दारु म्हणजे लाकूड, चीर म्हणजे वस्त्र. त्यावरूनच त्याला दारुचीरिय हे नाव पडले.

लोकांना वाटले, हा कोणी मोठा विरागी असणार. त्यांनी त्याला अन्न दिले, वस्त्रेही देऊ केली. बाहियने वस्त्रे नाकारली, कारण कपडे घातले तर मान कमी होईल अशी त्याला भीती वाटली. मान वाढत गेला, आणि एक दिवस त्याला स्वतःलाच वाटू लागले की जगात जे कोणी अर्हत आहेत त्यांत आपण एक आहोत.

स्वतःबद्दलची पक्की समजूत कशी तयार होते, ते इथे स्पष्ट दिसते. आधी एक प्रसंग घडतो. लोक त्याला अर्थ देतात. त्या अर्थाप्रमाणे आपण वागू लागतो. तसे वागल्याने लोकांचे मत आणखी पक्के होते. शेवटी ते मत आपल्याला आपला स्वभाव वाटू लागते.

मानाने जे होते, तेच अपमानानेही होते. शेकडो वर्षे आपल्या पूर्वजांना सांगितले गेले की तुम्ही हीन आहात. वस्तीची जागा, काम, अंगावरचे कपडे, सगळे त्याच मापाने ठरवले गेले. म्हणूनच डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी पद्धत आणि जातीची खूण ठरलेले दागिने सोडायला सांगितले. अंगावरची खूण मनात उतरते, हे त्यांनी ओळखले होते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला त्यांनी आपल्याला धम्म दिला, तेव्हा मनातली ती खूणही पुसायला घेतली.

बाहियची समजूत कशी मोडली? उदान ग्रंथात म्हटले आहे की पूर्वी त्याची नातलग असलेल्या एका देवतेने करुणेपोटी त्याला खरे सांगितले: तू अर्हत नाहीस आणि त्या मार्गावरही नाहीस. देवता हा शब्द बाजूला ठेवला तरी मुद्दा राहतोच. तोंडावर खरे बोलणारे आपले माणूस लागते. बाहियने राग धरला नाही. खरा अर्हत कुठे भेटेल, एवढेच विचारले आणि तो तडक श्रावस्तीला निघाला. आजच्या हिशेबाने हे अंतर हजार किलोमीटरहून अधिक आहे. वाटेत कुठेही त्याने एका रात्रीपेक्षा जास्त मुक्काम केला नाही.

तथागत भिक्षेसाठी नगरात गेले होते. बाहियने त्यांना रस्त्यातच गाठून उपदेश मागितला. त्यांनी दोनदा ही वेळ नव्हे म्हणून सांगितले, तिसऱ्यांदा थोडक्यात मार्ग दाखवला. त्याचा आशय असा, की जे दिसते ते फक्त दिसलेले आणि जे ऐकू येते ते फक्त ऐकलेले राहू द्यावे. त्यात मी आणि माझे मिसळू नये. बाहियचे चित्त तिथेच मुक्त झाले. थोड्याच वेळात वासराबरोबरच्या एका गाईने त्याला मारले. तथागतांनी भिक्षूंकडून त्याचा अंत्यविधी करवून घेतला, स्तूप बांधवला आणि त्वरित ज्ञान मिळवणाऱ्यांत त्याला अग्र ठरवले.

मुलाखतीत कोणी आडनाव ऐकून कपाळाला आठी घालतो. आठी दिसली, एवढे खरे. मी कमी आहे, हे वाक्य मात्र आपण मागाहून जोडतो. भेदभाव झाला असेल तर कायद्याने आणि संघटनेने लढलेच पाहिजे. पण त्याचा निकाल स्वतःच्या मनात उतरवून घ्यायचा नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. चार बॅनरवर फोटो लागला, लोक साहेब म्हणू लागले, की आपल्यातला कार्यकर्ताही बाहियसारखीच साल पांघरतो. मग टीका करणारा मित्र त्याला शत्रू वाटतो.

1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला आणि त्याच वर्षी तिथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तो स्तूप पाहायला आपण जरूर जावे. जाताना आपल्याला खरे सांगणाऱ्या एखाद्या मित्रालाही सोबत न्यावे, आणि परतीच्या वाटेत त्याचे ऐकून घ्यावे.

नमो बुद्धाय, जय भीम!