मुळाक्षरांपासून इंग्रजीपर्यंत : शिक्षिका सावित्रीबाई

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील चकलांबा असो की पुण्याच्या पेठेतील एखादी शाळा असो, मराठी माध्यमाच्या पहिलीत बसणाऱ्या मुलापुढे जून २००० पासून मराठी मुळाक्षरांबरोबरच इंग्रजी अक्षरेही येऊ लागली. राज्य शासनाच्या या निर्णयावर त्या वेळी मोठा वाद झाला. मातृभाषेची ओळख पक्की होण्याआधीच परकी भाषा कशाला, असा एका बाजूचा आक्षेप होता. शहरातील श्रीमंतांच्या मुलांना जे सहज मिळते ते खेड्यातील मुलांना का मिळू नये, असा दुसऱ्या बाजूचा प्रश्न होता. हा प्रश्न मात्र महाराष्ट्राला नवा नव्हता. त्याच्या जवळपास दीडशे वर्षे आधी, १८५४ मध्ये, पुण्यातील एका तेवीस वर्षांच्या शिक्षिकेने आपल्या पहिल्याच काव्यसंग्रहात तो मांडला होता आणि त्याचे उत्तरही दिले होते. त्या शिक्षिकेचे नाव सावित्रीबाई जोतीराव फुले.

समाजसुधारक आणि स्त्रीशिक्षणाच्या अग्रणी म्हणून सावित्रीबाई घराघरांत पोहोचल्या आहेत. फळ्यापुढे उभे राहून मुलींना वाचायला, लिहायला शिकविणारी प्राथमिक शिक्षिका म्हणून मात्र त्यांची ओळख तितकीशी करून दिली जात नाही. वास्तविक त्यांच्या सार्वजनिक जीवनाची सुरुवात वर्गातूनच झाली आणि पुढच्या प्रत्येक कार्याची मुळेही त्या वर्गातच सापडतात.

न वाचता आलेले पुस्तक

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. गावात मुलींनी शिकण्याची सोय नव्हती आणि तशी रीतही नव्हती. शिरवळच्या बाजारात एका मिशनऱ्याने त्यांना एक पुस्तक दिल्याची आठवण परंपरेने सांगितली जाते. ते वडिलांना रुचले नाही. सावित्रीने मात्र ते जपून ठेवले आणि सासरी जाताना सोबत नेले, असे म्हणतात. तेव्हा तिला त्यातील एक अक्षरही वाचता येत नव्हते.

१८४० मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, तिचा विवाह पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाला. त्या वेळी जोतीराव तेरा वर्षांचे होते. त्यांचे स्वतःचे शिक्षणही मध्येच थांबले होते. शेजारच्या गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी वडिलांची समजूत घातल्यावर १८४१ मध्ये ते स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले. शाळेत शिकलेले ते घरी आणि मळ्यात सावित्रीबाईंना शिकवू लागले. या घरगुती वर्गात आणखी एक विद्यार्थिनी होती, जोतीरावांना आईच्या मायेने वाढविणाऱ्या सगुणाबाई क्षीरसागर. मिशनरी जॉन यांच्याकडे मुलांचा सांभाळ करताना सगुणाबाईंच्या कानावर इंग्रजी पडत गेले आणि त्या ते बोलूही लागल्या, असे सांगितले जाते. म्हणजे एकाच घरात इंग्रजीच्या दोन वाटा होत्या. सगुणाबाईंकडे ती ऐकण्याबोलण्यातून आली होती, तर जोतीरावांकडे पुस्तकातून. सावित्रीबाईंना या दोन्ही वाटा जवळून पाहता आल्या.

अहमदनगरची वाट

केवळ स्वतःला वाचता आले म्हणून दुसऱ्याला शिकविता येतेच असे नाही, ही जाण फुले दांपत्याला होती. त्यामुळे सावित्रीबाईंनी अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या मिचेलबाई चालवीत असलेल्या नॉर्मल स्कूलचे आणि अहमदनगर येथील फरारबाईंच्या शाळेचे नाव या संदर्भात घेतले जाते.

सिंथिया फरार या अमेरिकन मिशनच्या शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईत आल्या आणि १८३९ पासून अहमदनगर हीच त्यांची कर्मभूमी झाली. तेथेच १८६२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या मुलींच्या शाळा पाहूनच आपणही पुण्यात असे काही करावे, ही प्रेरणा जोतीरावांना मिळाली होती. ज्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, हे घडत होते, त्याचा जिल्हा चकलांबा परिसराचा शेजारी. पण त्या काळी या दोन मुलखांमध्ये राज्याची सीमा होती. अहमदनगर कंपनी सरकारच्या अमलाखाली, तर बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात. सीमेच्या एका बाजूला मुली पाटी घेऊन बसू लागल्या तेव्हा दुसऱ्या बाजूच्या गावांना अशा शाळेसाठी आणखी कित्येक दशके वाट पाहावी लागणार होती.

पाटी, लेखणी आणि नकाशा

१८४८ मध्ये पुण्यातील बुधवार पेठेत तात्यासाहेब भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. सनातन्यांचा रोष इतका होता की १८४९ मध्ये या दांपत्याला वडिलांचे घर सोडावे लागले. गंज पेठेत उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. शाळेत जाता-येता सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि खडे फेकले जात. त्या सोबत दुसरे लुगडे बाळगीत, शाळेत पोहोचल्यावर ते नेसत आणि वर्ग सुरू करीत.

पहिली शाळा काही महिन्यांत बंद पडली. ३ जुलै १८५१ रोजी चिपळूणकरांच्या वाड्यात नव्याने शाळा निघाली. पहिल्या दिवशी आठ मुली आल्या. थोड्याच काळात ती संख्या ४८ वर गेली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला रास्ता पेठेत आणि १५ मार्च १८५२ रोजी वेताळ पेठेत आणखी शाळा उघडल्या. १२ फेब्रुवारी १८५३ रोजी पुण्यात या शाळांची जाहीर परीक्षा झाली. तिला २३७ मुली बसल्या आणि ती पाहण्यासाठी शहरातील लोकांनी मोठी गर्दी केली. मुलीला अक्षर शिकविले तर अनर्थ ओढवेल असे मानणाऱ्या शहरात मुली सर्वांसमक्ष उत्तरे देत होत्या.

या शाळांतून वाचन, लेखन, व्याकरण, अंकगणित, भूगोल, नकाशे आणि इतिहास शिकविला जाई. मुख्य भर मराठीवर होता. ज्या घरात याआधी कोणीही लेखणी हाती धरली नव्हती, त्या घरातील मुलीला प्रथम तिच्या बोलीशी नाते सांगणारी अक्षरे द्यायची, त्यांतून वाक्य, वाक्यातून विचार, असा हा क्रम होता.

या क्रमाचे फळ १८५५ मध्ये दिसले. फुले यांच्या शाळेत शिकलेल्या मांग समाजातील मुक्ताबाई या चौदा वर्षांच्या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला. जेमतेम तीन वर्षांच्या शालेय शिक्षणावर या मुलीने धर्म, अन्याय आणि भूक यांविषयी थेट प्रश्न विचारले. शिक्षिका म्हणून सावित्रीबाईंच्या कामाचे मोजमाप करायचे तर या निबंधाहून मोठा पुरावा शोधण्याची गरज नाही. मुलगी केवळ धडा वाचायला शिकली नव्हती, ती स्वतःचे म्हणणे कागदावर उतरवायला शिकली होती.

इंग्रजी कशासाठी?

१८५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काव्यफुले या संग्रहात निसर्ग, शिक्षण, आळस, जातिभेद असे विविध विषय आहेत. त्यांतच इंग्रजी भाषेचे महत्त्व सांगणाऱ्या कविताही आहेत. त्यांत इंग्रजीला चक्क माउली म्हटले आहे. आजच्या वाचकाला हे खटकू शकते. परकी सत्ता आणि तिची भाषा यांचे असे गुणगान कसे, असा प्रश्न पडू शकतो.

त्याचे उत्तर त्या काळच्या शिक्षणव्यवस्थेत आहे. संस्कृत विद्येचे दरवाजे स्त्रियांना आणि शूद्रातिशूद्रांना जन्मानेच बंद होते. कंपनी सरकारचे धोरणही वरच्या वर्गांना शिकवावे, मग विद्या आपोआप खाली झिरपेल, असेच होते. इंग्रजी शिकणाऱ्याला न्यायालयातील कागद, सरकारी हुकूम आणि बाहेरच्या जगातील विचार कळत. जोतीरावांच्या विचारांना धार आली तीही थॉमस पेन यांच्यासारख्या लेखकांच्या वाचनातून. हे सारे सावित्रीबाईंनी घरातच पाहिले होते. पेशवाईच्या स्मृती ताज्या असलेल्या पुण्यात ज्यांना पुस्तकाला हात लावण्याचीही मुभा नव्हती, त्यांच्यासाठी जन्म न विचारणारी भाषा म्हणून त्या इंग्रजीकडे पाहत होत्या.

मात्र यातील एक बाब दुर्लक्षून चालणार नाही. इंग्रजीचा हा आग्रह त्यांनी मराठीत मांडला. त्यांच्या कविता मराठी, जोतीरावांना लिहिलेली पत्रे मराठी आणि शाळेतील धडेही प्रामुख्याने मराठी. इंग्रजीने मराठीची जागा घ्यावी असे त्यांच्या कामात कोठेही दिसत नाही. मराठीत पक्के पाय रोवून मग इंग्रजीचे दार उघडायचे, आणि तेही सर्वात वंचित असलेल्या मुलीसाठी, हाच त्यांचा मार्ग होता.

वर्गाबाहेरचे वर्ग

१८५६ च्या ऑक्टोबरमध्ये सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी नायगावला होत्या. तेथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात भावाशी झालेल्या वादाची हकिकत येते. खालच्या मानल्या गेलेल्या जातींना शिकविणे हा भ्रष्टाचार आहे, या त्याच्या मताचा त्यांनी ठामपणे प्रतिवाद केला होता. त्याच पत्रात आपल्या गैरहजेरीत शाळेचा सारा भार फातिमा यांच्यावर पडत असेल, ही काळजीही डोकावते. आजारपणातही मनात वर्ग होता.

१८५७ च्या उठावानंतर शाळांना मिळणारी मदत आटली आणि जोतीराव शाळांच्या व्यवस्थापनातून बाजूला झाले. तरी शिक्षिकेचे काम वेगळ्या रूपात चालू राहिले. १८६३ मध्ये या दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. तेथे आलेल्या काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला आणि त्याला डॉक्टर केले. १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना झाली, तेव्हापासून सावित्रीबाई त्या कार्यात होत्या. १८७७ च्या दुष्काळात ओतूरहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी उपाशी जनता आणि निर्दय सावकारी यांचे चित्र रेखाटले आहे.

१८८२ मध्ये जोतीरावांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, खेड्यांतील शाळा वाढवाव्यात, शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि त्यांना पुरेसा पगार मिळावा, अशा मागण्या त्यांत होत्या. निवेदनावर सही जोतीरावांची असली, तरी त्यामागे दोघांनी मिळून चालविलेल्या वर्गांचा अनुभव होता.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. त्यांच्या अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी स्वतः धरले. पुढे त्यांनी बावनकशी सुबोध रत्नाकर हे काव्य लिहिले आणि १८९३ मध्ये सासवड येथील सत्यशोधक समाजाच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे पोहोचविले. त्यातच त्यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. खेड्यांतील शाळांची जी मागणी पंधरा वर्षांपूर्वी आयोगापुढे मांडली गेली होती, ती त्यांच्या हयातीत पूर्ण झाली नाही.

चकलांब्याच्या वर्गात

चकलांबा ज्या मराठवाड्यात आहे, तो १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवटीतून मुक्त झाला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याचा भाग बनला. सावित्रीबाईंचा जन्मदिवस राज्यात बालिका दिन म्हणून साजरा होतो. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. भिडे वाड्याच्या जागी राष्ट्रीय स्मारक उभारण्याचा मार्गही २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने मोकळा झाला.

पण त्यांच्या विचारांची खरी कसोटी प्राथमिक शाळेतच लागते. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडे कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि आईवडिलांबरोबर गेलेल्या मुलाचे वाचन अर्ध्यावर तुटते. नातेवाइकांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेली मुले शाळेत टिकतात. सोबत गेलेली मुले परततात तेव्हा मराठी जोडाक्षरेही अनोळखी झालेली असतात आणि इंग्रजी तर फारच दूर गेलेली असते. त्यात थोरल्या मुलीला धाकट्या भावंडांसाठी घरी ठेवले जाते आणि पुढे लवकर लग्न लावून दिले जाते. १८५१ च्या पुण्यातही मुलींची शाळा याच दोन कारणांनी सुटत असे.

इंग्रजी पहिलीपासून असावे की नसावे, या वादात ही मुलगी अनेकदा विसरली जाते. तिला आधी वर्गात टिकविणे, तिच्या भाषेत तिला वाचते आणि लिहिते करणे, आणि मग शहरातील मुलाइतक्याच हक्काने तिच्या हाती इंग्रजीचे पुस्तक देणे, हे काम शासनाच्या एका आदेशाने होत नाही. त्यासाठी रोज वेळेवर वर्गात येणारी, गैरहजर मुलीच्या घरी जाऊन चौकशी करणारी शिक्षिका लागते. सावित्रीबाई आयुष्यभर तशाच शिक्षिका राहिल्या.