दाव्हिद गालुला : बंड शमविण्याच्या शास्त्राचा कर्ता

गनिमी कावा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे डोंगरातून छापा घालणारा मावळा उभा राहतो. परंतु छापा घालणाऱ्याला आवरावे कसे, यावरही जगात ग्रंथ लिहिले गेले आहेत. त्यांपैकी एका नामवंत ग्रंथाचा कर्ता म्हणजे फ्रेंच सेनाधिकारी दाव्हिद गालुला.

१९१९ साली ट्युनिशियातील स्फाक्स येथे एका ज्यू व्यापारी कुटुंबात त्याचा जन्म झाला. तो सैन्यात अधिकारी झाला. पण १९४१ मध्ये व्हिशी सरकारच्या ज्यूविरोधी कायद्याने त्याला बडतर्फ केले. पुढे त्याच फ्रान्सच्या मुक्तीसाठी तो लढला! १९४७ मध्ये चीनमध्ये तो काही दिवस कम्युनिस्टांच्या कैदेत होता. कैद्यांचीही मने वळविण्याची त्यांची रीत त्याने तेथे बारकाईने पाहिली.

१९५६ ते १९५८ या काळात अल्जीरियातील कबिलिया भागात तो कॅप्टन होता. घरोघर शिरगणती, शाळा, दवाखाना, गावातूनच निवडलेले पुढारी, असा त्याचा क्रम होता. जनता ज्याच्या बाजूला, विजय त्याचा, हे त्याचे सूत्र. तरीही १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला. १९६४ साली त्याचा ग्रंथ अमेरिकेत, इंग्रजीत प्रसिद्ध झाला.

येथे एक गोष्ट ध्यानी येते. युद्धाचे शास्त्र कितीही कोरडे वाटले, तरी त्याला लेखकाच्या देशाच्या मातीचा वास असतोच. ब्रिटिशांनी मलायाला स्वातंत्र्याचे वचन दिले व १९५७ मध्ये ते पाळले. त्या अनुभवावर रॉबर्ट थॉम्पसनने १९६६ मध्ये लिहिले, तेव्हा कायदा आणि मुलकी कारभार यांवर भर दिला. फ्रान्सने मात्र १८४८ पासून अल्जीरियाला आपलीच भूमी मानले होते. स्वातंत्र्याचे ध्येय परकी सत्तेला आपलेसे करता येत नाही, हे गालुलाला ठाऊक होते. तरी त्याच्या ग्रंथाचा भार आठ पायऱ्यांच्या योजनेवरच राहिला. घर आपलेच म्हटल्यावर, घर सोडावे काय, हा प्रश्न कोण विचारणार?

१९६७ मध्ये, अवघ्या ४८ व्या वर्षी तो वारला. पराभवाची आठवण नको असलेल्या फ्रान्सने त्याला विस्मरणात टाकले. इराकमध्ये अडकलेल्या अमेरिकी सैन्याने २००६ च्या आपल्या नियमपुस्तिकेत त्याचा मोठा आधार घेतला. त्यानंतर, २००८ मध्ये, त्याचा ग्रंथ फ्रेंचमध्ये आला. नियमपुस्तिकांची सवय असलेल्या देशाने त्याच्या पायऱ्या तेवढ्या उचलल्या.

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. म्हणून असे ग्रंथ वाचताना मी शिरगणतीत मोजला गेलेला तो कबिलियाचा शेतकरी शोधतो. तो पानोपानी आहे. त्याची गणना होते, त्याला औषध मिळते, त्याचे मन वळविले जाते. पण तो स्वतः बोलत नाही. त्याने ग्रंथ लिहिला असता, तर त्याचे पहिले प्रकरण कोणते असते?