इरावती कर्वे यांची धर्मजिज्ञासा
ब्रह्मदेशात १९०५ साली जन्मलेल्या इरावती करमरकर सातव्या वर्षी पुण्याच्या हुजूरपागेत शिकण्यास आल्या आणि पुढे रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी वाढल्या. परांजपे गणिती आणि उघड नास्तिक. पती दिनकर कर्वे रसायनशास्त्राचे अध्यापक. देव तेही मानीत नसत. अशा वातावरणातून धर्माविषयी तुच्छता उपजणे सोपे होते. इरावतीबाईंच्या ठायी मात्र कुतूहल उपजले. मोजल्यापाहिल्यावाचून निष्कर्ष काढावयाचा नाही, ही शिस्त बर्लिनमध्ये कसास लागली. मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांच्या वंशभेदविषयक गृहीतकाला कवट्यांच्या मोजमापांतून आधार मिळत नाही, असा निर्वाळा त्यांनी प्रबंधात दिला. विद्यार्थिनीच्या दृष्टीने हे धाडस लहान नव्हते. याच दृष्टीने त्या पुढे पंढरीच्या वाटेने चालल्या. ‘वाटचाल’ या लेखात त्या वारकऱ्यांच्या आनंदात मनापासून सामील होतात. पण एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा स्त्रियांच्या पंगती वेगळ्या बसतात, हे शल्य लपवीत नाहीत. केवळ भाविकाने दुसरी नोंद टाळली असती, केवळ बुद्धिवाद्याने बहुधा पहिली. ‘युगान्त’मध्येही (१९६७) कृष्णाचा विचार त्यांनी देव म्हणून नव्हे, माणूस म्हणून केला.