'ढ' कोण, मूल की शाळा?

वस्तीतल्या पोराच्या कपाळावर 'ढ' हा शिक्का मारायला इथल्या व्यवस्थेला वेळ लागत नाही. शिकवण्याची रीतच ढ असेल काय, हे मात्र कोणी विचारीत नाही. तो प्रश्न विचारणाऱ्या एक डॉक्टर बाई इटलीत होऊन गेल्या. मारिया माँटेसरी त्यांचे नाव. आज ते महागड्या शाळांच्या पाट्यांवर झळकते, म्हणूनच त्यांचे काम कोठे उभे राहिले हे आम्हाला सांगणे भाग आहे.

जन्म १८७० चा. बाईने डॉक्टर होणे तिकडेही समाजाला रुचत नव्हते, तरी १८९६ साली त्या रोममध्ये वैद्यकीय पदवीधर झाल्या. तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात मतिमंद म्हणून कोंडलेली मुले त्यांनी पाहिली. जेवण झाले की ती जमिनीवरचे पावाचे तुकडे वेचीत. देखरेख करणाऱ्या बाईला तो हावरटपणा वाटे. माँटेसरींनी ओळखले, की त्या रिकाम्या खोलीत मुलांच्या हातांना दुसरे काही मिळतच नाही. इतार व सेगँ या फ्रेंच डॉक्टरांचे ग्रंथ अभ्यासून त्यांनी हाताने, स्पर्शाने शिकण्याची साधने केली. याच मुलांपैकी काही सर्वसाधारण मुलांच्या लेखन-वाचनाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोकांना चमत्कार वाटला. बाईंना वेगळाच प्रश्न पडला: मग धडधाकट मुले शाळेत एवढी मागे का?

६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेंझो या कष्टकरी वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले. आईबाप मजुरीला, पोरे मोकाट. पॉलिश पेपरची अक्षरे बोटाने गिरवता गिरवता चार-पाच वर्षांची ही मुले वाचण्याआधी लिहू लागली. शिक्षिकेने आधी मुलाला नीट पाहायचे, मग बोलायचे, हा तिथला नियम.

मुसोलिनीचा आश्रय त्यांनी काही काळ घेतला, हे आम्ही लपवणार नाही. पुढे बिनसले आणि इटलीतल्या त्यांच्या शाळा बंद झाल्या. १९३९ साली त्या मद्रासला अड्यारला आल्या, महायुद्धात इथेच अडकल्या आणि शिक्षक घडवीत राहिल्या. १९५२ मध्ये हॉलंडमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचा विचार आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला नेला. दलित वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा मुलांना दोष न देता बालवाडीच वस्तीच्या अंगणात गेली. महागडी साधने परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शिंपले, बिया, पाने आणि खडे आले.