रंगावर न जाणारा माणूस

आपल्या सिंधुदुर्गातली किती गावे आडनावांच्या रूपाने घाट चढून गेली, याची मोजदाद करायला बसले तर एक वही पुरणार नाही. मालवण तालुक्यात किर्लोस नावाचे एक गाव आहे. या गावाचे नाव घेऊन एक घराणे देशावर गेले आणि बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला स्थायिक झाले. त्या घराण्यातल्या बळवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेबांनी मराठी रंगभूमीला संगीत नाटक दिले. दुसरे लक्ष्मणराव. त्यांनी मराठी शेतकऱ्याला लोखंडी नांगर दिला, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असते. पण नांगराच्या आधी त्यांच्या आयुष्यात सायकल आली होती, याची आठवण मात्र पुसट झाली आहे.

हे आठवण्याचे कारण म्हणजे अलीकडे वाढलेला एक छंद. जुन्या सायकली जमवणारी मंडळी आता आपल्याकडेही आहेत. पुण्याच्या कर्वेनगरात तर अशा सायकलींचे संग्रहालयच आहे. या छंदात इटालियन सायकलींचा मान मोठा. मिलान शहरात एदोआर्दो बियांकी नावाच्या, अनाथाश्रमात वाढलेल्या तरुणाने 1885 साली, जेमतेम विशीत, एका बोळात छोटे दुकान थाटले. त्या सायकलींचा फिकट निळसर-हिरवा रंग पुढे जगभर प्रसिद्ध झाला. तो रंग कुठून आला याच्या दंतकथा अनेक आहेत. कुणी म्हणते, इटलीच्या राणीच्या डोळ्यांचा. कुणी म्हणते, लष्कराच्या उरलेल्या रंगाचा. 1949 साली फाउस्तो कोपी याने बियांकीवर बसून इटलीची आणि फ्रान्सची अशा दोन्ही मोठ्या शर्यती एकाच वर्षी जिंकल्या, तेव्हा त्या रंगाला जणू गादीच मिळाली.

परंतु मुरलेला संग्राहक रंगावर जात नाही. रंग कुणीही देऊ शकतो, पत्र्याचा बिल्लाही बाजारात नवा मिळतो. तो सायकल उलटी करतो. पायडलचा दांडा ज्या आडव्या नळीतून जातो, जिला आपले कारागीर बी. बी. म्हणतात, ती मोजतो. जुन्या इटालियन सायकलीत ही नळी 70 मिलिमीटर रुंद असते, इंग्रजी सायकलीत 68. इंग्रजी सायकलीत उजव्या बाजूचे आटे उलटे फिरतात, इटालियन सायकलीत दोन्ही बाजूंचे सुलटे. मग फ्रेमवर ठोकलेला नंबर, बिल्ल्याच्या रिबिटांची भोके, गिअरवर कोरलेले पेटंटचे साल. विक्तोरिओ द सिका यांचा 1948 सालचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल, रोमच्या बाजारात नवा रंग चढत असलेल्या एका फ्रेमपाशी तो गरीब बाप अडून बसतो. त्याला रंग नको असतो, नंबर पाहायचा असतो.

लक्ष्मणरावांची गोष्ट इथे जुळते. 20 जून 1869 रोजी जन्मलेल्या या मुलाला शाळेत रस नव्हता. त्याला चित्रे काढायची होती. वडील काशिनाथपंतांचा विरोध पत्करून, थोरल्या भावाच्या, रामूअण्णांच्या आधाराने तो मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेला. तिथे वर्ष-दोन वर्षांत कळले, की त्याचे डोळे काही रंगांत फरक करू शकत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या तरुणाला याहून मोठा घाव कोणता? घरी परतायला ते कारण पुरेसे होते. पण रंग नसले तरी रेषा होत्या. त्याने यंत्रांची रेखाचित्रे काढण्याचा विषय धरला, आणि त्या बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळवली. शिकवून झाले की उरलेला वेळ कार्यशाळेत. कागदावर रेखलेली वस्तू लोखंडात कशी उतरते, हे त्याने तिथे हात काळे करून पाहिले.

मुंबईतच एक पारशी गृहस्थ सायकलवरून जाताना त्यांना दिसले. दोन चाकांवर माणूस तोल सांभाळतो कसा, याचे नवल बाकीच्यांनाही वाटले असेल. लक्ष्मणरावांना त्यात धंदा दिसला. 1888 साली बेळगावात ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही पाटी लागली ती सायकलींच्या दुकानावर. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली घेऊन पाठवत, रामूअण्णा बेळगावात त्या विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. सायकलची किंमत सातशे ते हजार रुपये, शिकवणीचे पंधरा! ज्यांनी पुढे तासावर भाड्याची सायकल घेऊन जांभ्याच्या चढावर गुडघे फोडून घेतले, त्या आपल्या पिढीला हे आकडे वाचून हसू येईल. तेव्हा सायकल ही साहेबाची आणि सरदाराची वस्तू होती.

नोकरीत बढतीची जागा आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. त्यांनी तक्रारीत वेळ घालवला नाही. राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. सायकलींच्या दुरुस्तीतून हत्यारे जमली, हत्यारांतून कडबा कापायचे यंत्र निघाले आणि 1903 साली लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्याची समजूत. पहिल्या नांगराला गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षे गेली. दोन वर्षे माल पडून राहिलेला धंदा म्हणजे काय, हे बँकेत कर्जखाती सांभाळण्यात उमर काढलेल्या माझ्यासारख्याला वेगळे सांगायला नको. कुठल्याही शाखाधिकाऱ्याने त्या खात्यावर लाल शेरा मारला असता.

त्यातच बेळगाव नगरपालिकेने नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा सोडायला सांगितले. घडी बसत आलेला संसार पुन्हा रस्त्यावर. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. ते स्वतः चित्रकार. कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी त्यांनी दिले. ना तारण, ना जामीन. जमीन कसली, निवडुंग आणि नागांचे माळरान! 10 मार्च 1910 रोजी पंचवीसेक कामगारांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव तिथे उतरले, आणि त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली.

तिथे त्यांनी माणसे निवडली तीही अशीच, वरचा मुलामा न पाहता. शंभोराव जांभेकर, अनंतराव फळणीकर यांच्यासारखे सहकारी त्यांना मिळाले ते हाताची कुवत पाहून. शिक्षा भोगून आलेल्यांच्या हाती त्यांनी वाडीचा पहारा दिला. वाडीत शिवाशिवीला थारा नव्हता. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यांवर पडून असलेल्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले. बुरुजावर गंजत पडलेल्या तोफेत नांगराचा फाळ पाहायला रंगांची दृष्टी लागत नाही, वेगळी लागते.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. 1920 साली कंपनी पब्लिक लिमिटेड झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी मासिक सुरू केले आणि ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’ घरोघर वाचले गेले. मुलगा शंतनुराव अमेरिकेतून शिकून आला आणि कारभार वाढला. 1948 साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत वाडीचा कारखाना पेटला, तेव्हा लक्ष्मणराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला. 26 सप्टेंबर 1956 रोजी ते गेले. जन्मशताब्दीला, 1969 साली, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

मिलानचा बियांकीही सायकलीवर थांबला नाही. तो मोटारींपर्यंत गेला. त्याच्या सायकली मात्र त्या रंगात आजही निघतात. बेळगावच्या दुकानातून फक्त आडनाव उरले, तिथल्या रस्त्याला आणि पंपांना लागलेले. तरी त्या दुकानाचा हिशेब मला तोट्याचा वाटत नाही. तिथे दोन भावांनी परक्याची वस्तू विकली, खोलली, जोडली आणि स्वतःची वस्तू घडवायला शिकले.

आपल्याकडे खाऱ्या हवेने रिमा खाल्लेली एखादी आजोबांची सायकल अजून माळ्यावर किंवा पडवीत उभी असते. भंगारवाल्याला देण्याआधी एकदा ती उलटी करून तळाचा नंबर पुसून पाहावा. इटालियन निघेल असे नाही. बहुधा रॅले नाहीतर हर्क्युलिसच निघेल. पण घरातल्या मुलांना सोबत बसवून ती खोलावी, आणि खोलता खोलता त्यांना लक्ष्मणरावांची गोष्ट सांगावी. बारावीचा निकाल मनासारखा लागला नाही म्हणून घरात तोंड पाडून बसलेले मूल असेल, तर अगोदर त्यालाच पाना द्यावा.