धाकट्याला कोण सांभाळणार? : ताराबाई मोडक यांचे जीवनकार्य



शाळेचा हजेरीपट चाळताना दरवर्षी एक गोष्ट माझ्या लक्षात येते. चौथी-पाचवीतल्या काही मुली आठवड्यातून दोन-दोन दिवस गैरहजर असतात. बोलावून विचारले की उत्तर ठरलेले असते. आई कामाला गेली होती, धाकट्याला सांभाळायला घरी कोणी नव्हते. पाळणाघराचे पैसे भरायचे, तर आईच्या मजुरीतला मोठा हिस्सा तिथेच संपतो. मग घरातल्या मोठ्या मुलीची शाळा बुडते. मुलगी हुशार असते, आई-वडिलांनाही तिने शिकावे असे वाटते, पण घरचा हिशेब जुळत नाही.

हा हिशेब नवा नाही. ऐंशी वर्षांपूर्वी एका मराठी बाईने तो नीट समजून घेतला आणि त्यावर उपायही शोधला. त्यांचे नाव ताराबाई मोडक. आपली मुले त्यांना पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळींपुरते ओळखतात, म्हणून या अंकात त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. घरात प्रार्थना समाजाचे सुधारणावादी वातावरण होते. मुलींनी शाळेत जाणे हीच मोठी गोष्ट होती, त्या काळात, 1914 मध्ये, त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला, पण तो संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयात त्यांनी प्राचार्यपद सांभाळले. एकट्या आईला नोकरी आणि मूल दोन्ही सांभाळताना काय करावे लागते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

याच काळात भावनगरला गिजुभाई बधेका यांचे बालमंदिर नावारूपाला येत होते. ते 1920 मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत सुरू झाले होते. छडी नाही, घोकंपट्टी नाही, मूल स्वतःच्या हातांनी आणि स्वतःच्या गतीने शिकते, ही मॉन्टेसरीबाईंची पद्धत गिजुभाईंनी आपल्या मातीत रुजवली. ताराबाई तिथे जाऊन राहिल्या, शिकल्या आणि गिजुभाईंच्या सहकारी झाल्या. 1926 मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवावे असे काही इथे आहे. ताराबाईंच्या कामाचा पाया गुजराती मुलखात घातला गेला. त्या तिथली भाषा शिकल्या आणि तिथल्या लोकांमध्ये मिसळल्या. पुढे तेच ज्ञान त्यांनी मराठीत आणले.

1936 मध्ये त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला. त्याचे नाव झाले, चांगल्या घरांतली मुले येऊ लागली. पण ताराबाईंच्या मनाला एक गोष्ट टोचत राहिली. मॉन्टेसरीबाईंनी आपले पहिले बालगृह 1907 मध्ये रोम शहराच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत उघडले होते. तिथले आईबाप दिवसभर मजुरीला जात आणि मुले वाऱ्यावर राहत. कामगारांच्या मुलांसाठी निघालेली ही पद्धत भारतात मात्र ऐपतदारांच्या घरापुरती उरली. महागडी साधने आणि शहरातली फी गरिबाला कशी परवडणार?

म्हणून 1945 मध्ये, वयाच्या पन्नाशीनंतर, ताराबाई मुंबई सोडून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी या गावी गेल्या. तिथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ ही त्यांची तरुण सहकारी तेव्हापासून त्यांच्यासोबत होती.

बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुले काही येईनात. आईबाप पहाटेच कामावर जात. मुलांना आंघोळ घालून वेळेवर पोचवणार कोण? दुसरा कोणी असता तर पालकांना दोष देऊन मोकळा झाला असता. ताराबाईंनी उलटा विचार केला. मूल बालवाडीत येत नसेल, तर बालवाडीच मुलाच्या अंगणात जाईल. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या, मुलांना न्हाऊमाखू घालू लागल्या, झाडाखाली गाणी आणि खेळ सुरू झाले. विकतच्या साधनांऐवजी शंखशिंपले, खडे, पाने, बिया आणि माती वापरली, त्यामुळे खर्च नावालाच राहिला. अंगणवाडी हा शब्द आपण आज सहज वापरतो, तो या प्रयोगातून आला.

1957 मध्ये हे काम कोसबादच्या टेकडीवर, वारली आदिवासी पाड्यांच्या मधोमध गेले. तिथे तोच प्रश्न आणखी कडक रूपात समोर आला. मोठी मुले गुरे राखायला जात आणि मोठ्या मुली धाकट्यांना कडेवर घेऊन बसत. गुराख्यांसाठी ताराबाईंनी कुरणातच शाळा भरवली. मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटले. मुलगी धाकट्या भावंडाला घेऊन यायची, त्याला पाळणाघरात सोडायची आणि स्वतः वर्गात जाऊन बसायची. आईची मजुरी बुडाली नाही आणि मुलीची शाळाही सुटली नाही.

माझ्या मते ताराबाईंचे सर्वांत मोठे काम हेच. लहान मुलाच्या सांभाळाचा खर्च गरीब घरावर टाकला, तर तो शेवटी त्या घरातली मोठी मुलगी आपल्या शिक्षणाने फेडते. तो भार समाजाने उचलला पाहिजे, हे त्यांनी करून दाखवले.

1962 मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, देशातल्या 33 प्रकल्पांमध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. ती गावोगाव पोचली ती अंगणवाडी याच नावाने. हे पाहायला ताराबाई राहिल्या नाहीत. कोसबादचे काम मात्र अनुताईंनी पुढे चालवले.

पालकांना एक विनंती. अंगणवाडीत 6 महिने ते 6 वर्षांच्या मुलांना पूरक आहार मिळतो आणि 3 वर्षांपुढच्यांना पूर्वप्राथमिक शिक्षणही मिळते. त्यासाठी फी नसते. कामावर जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठी 2022 पासून केंद्राच्या मिशन शक्तीखाली पालना योजना आहे आणि काही अंगणवाड्यांना पाळणाघर जोडलेले आहे. आपल्या वस्तीत ही सोय आहे का, हे अंगणवाडी सेविकेला अवश्य विचारा. तुमच्या घरी काम करणाऱ्या ताईंनाही सांगा. त्यांच्यापर्यंत ही माहिती बहुधा पोचलेली नसते.

विश्वस्त मंडळींपुढेही एक विचार ठेवते. शाळेच्या आवारातली एखादी खोली सकाळच्या वेळात धाकट्या भावंडांसाठी उघडता येईल का? चटया, थोडी खेळणी आणि देखरेखीला एक प्रेमळ बाई, इतके पुरे. ताराबाईंनी शंखशिंपल्यांवर सुरुवात केली होती.

आणि मुलींनो, धाकट्याला सांभाळावे लागते म्हणून घरी राहायची वेळ आली, तर लपवू नका. वर्गशिक्षिकेला सांगा, मला येऊन सांगा. यात लाजण्यासारखे काहीच नाही. मार्ग काढायची जबाबदारी आम्हा मोठ्यांची आहे.

— मुख्याध्यापिका