एका घराची दोन घरं, आणि पुन्हा एक

आजचं वाचन : स्तोत्रसंहिता 128



लग्नाच्या उपासनेत हे स्तोत्र आपण किती वेळा ऐकलंय! देवाचं भय धरणाऱ्याचं घर भरलेलं असतं, पत्नी फळांनी लगडलेल्या वेलीसारखी, ताटाभोवती मुलं. पण ज्या घरात देवामागे जाण्यामुळेच संसार मोडला, त्या घराने हे स्तोत्र कसं वाचायचं? आज वाचताना मला लक्ष्मीबाई टिळक आठवल्या.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा, गोखल्यांच्या घरातला. माहेरी सोवळंओवळं फार कडक. 1880 मध्ये, अकराव्या वर्षी, त्यांचं नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. वाचायला-लिहायला त्या शिकल्या त्या लग्नानंतर.

टिळक मोठे कवी, मनाने उदार, पण संसाराला अवघड माणूस. पटकन रागावणार, तितक्याच पटकन विरघळणार. हातात पैसा आला की दुसऱ्याला देऊन मोकळे. मनात आलं की न सांगता घराबाहेर. आजच्या भाषेत कोणी त्यांना परफेक्ट कपल म्हटलं नसतं!

1893 मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरलं ते धरलंच. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा आपल्या नातेवाइकांकडे होत्या. ही बातमी त्यांच्यावर वीज पडावी तशी पडली. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचं पाणीही चालणार नाही! पदरात लहानगा दत्तू. त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या बाईसाठी हे दुःख वैधव्याहून वेगळं, आणि कदाचित जास्त विचित्र होतं.

साडेचार-पाच वर्षं दोघं वेगळी राहिली. प्रेम आटलं नव्हतं, दोघांचंही. अखेर लक्ष्मीबाई अहमदनगरला आल्या. इथे एक गोष्ट नीट बघा. त्या ख्रिस्ती व्हायला आल्या नव्हत्या, नवऱ्याजवळ राहायला आल्या होत्या. आपलं सोवळं त्यांनी सोडलं नव्हतं, आणि टिळकांनीही ते सोडायची अट घातली नाही. एवढा तापट माणूस, पण बायकोच्या श्रद्धेवर त्यांनी जबरदस्ती केली नाही. ज्या प्रभूने त्यांना हळूहळू जवळ ओढलं होतं, तोच तिलाही ओढील, एवढा भरवसा त्यांनी ठेवला.

आणि तसंच झालं. देवाने सगळी माणसं निर्माण केली, मग वरची जात आणि खालची जात कोणी केली, असे प्रश्न लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्याच मनात उठू लागले. विटाळ आधी मनातून गेला, मग स्वयंपाकघरातून. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागून फरफटत नाही, स्वतःच्या पायांनी चालत.

त्यानंतरचं त्यांचं घर म्हणजे 128 व्या स्तोत्रातलं ताट! पोटच्या मुलांबरोबर आधार नसलेली परकी मुलं त्या घरात वाढली. जात कोणी विचारली नाही. बालकवी ठोंबरे या घरी राहिले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखी माया लावली. एकेकाळी दुसऱ्याची सावलीही टाळणारी बाई आता सगळ्यांना एका पंगतीत वाढत होती. पैशांची चणचण मात्र तशीच, टिळकांचा रागही तसाच. आशीर्वाद आला म्हणून भांडणं संपली नाहीत. पण आता भांडून झाल्यावर दोघं एकाच देवापुढे गुडघे टेकत होती.

1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सगळे तिथे भाऊबहीण व्हावेत, हे त्यांचं स्वप्न. म्हणजे पुन्हा सगळं सोडून नव्याने सुरुवात! या वेळी लक्ष्मीबाई बरोबर होत्या.

9 मे 1919 ला टिळक गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य दहाएक अध्यायांवर थांबलं होतं. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं, 64 अध्याय लिहून! अक्षरओळख लग्नानंतर झालेली बाई नवऱ्याची अर्धी राहिलेली प्रभूची कथा पुरी करते. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ही तुम्ही जरूर वाचा. त्यात त्या नवऱ्याच्या चुका लपवत नाहीत, स्वतःवरही मनसोक्त हसतात. क्षमा केलेल्या माणसालाच असं हसता येतं. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्या प्रभूकडे गेल्या.

मित्रांनो, आपल्यापैकी काहींच्या घरी आज हाच प्रश्न आहे. एकाला चर्चची ओढ, दुसऱ्याला नाही. एकाला लवकर समजलंय, दुसरा अजून वाटेत आहे. मग आपण काय करतो? टोमणे, वाद, अबोला. टिळकांच्या घरात काम झालं ते प्रेमाने वाट पाहण्यामुळे.

आणि स्तोत्राचा शेवट पाहिलात का? घरापासून सुरू झालेला आशीर्वाद तिथे सीयोनापर्यंत, सगळ्या इस्राएलाच्या शांतीपर्यंत पोहोचतो. म्हणजे माझ्या संसाराचं सुख माझ्या फ्लॅटच्या दारात थांबण्यासाठी दिलेलंच नाही. आपल्या टेबलावर या आठवड्यात एक जास्तीचं ताट कोणासाठी लावता येईल? मंडळीतला एखादा एकटा राहणारा विद्यार्थी, नवी आलेली एखादी ताई?

प्रार्थना : हे प्रभू, माझ्या जोडीदाराला बदलण्याची घाई माझ्या मनातून काढ. तू माझी वाट पाहिलीस, तशी मलाही पाहायला शिकव. आमचं घर तुझ्या लेकरांसाठी उघडं ठेव. येशूच्या नावाने मागतो, आमेन.